घटक ७ : नावामागचा मालक – कंपनीच्या खऱ्या मालकीचे प्रकटीकरण आणि कायद्याची भाषा

७.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –
१. नोंदीतील मालक व खरा लाभार्थी मालक यांतील फरक स्पष्ट करता येईल.
२. 'बेनामी', 'धारक', 'लाभार्थी', 'व्यक्ती' या शब्दांचे व्यवहारातील व कायद्यातील अर्थ वेगळे करता येतील.
३. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ९० मधील आणि त्याखालील नियमांतील मुख्य तरतुदी सोप्या मराठीत सांगता येतील.
४. कायद्यातील दीर्घ वाक्याचे विश्लेषण करून त्याचा अर्थ लावता येईल.
५. या नियमांचा सामान्य नागरिकाला होणारा उपयोग व त्यांच्या मर्यादा यांची चर्चा करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रशासकीय पत्रव्यवहाराच्या भाषेचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात आपण कायद्याच्या भाषेकडे वळणार आहोत. कायद्याची मराठी अवघड आहे, कृत्रिम आहे, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. ती बऱ्याच अंशी खरीही आहे. तथापि, ही भाषा वाचता न आल्यामुळे होणारे नुकसान फार मोठे असते व ते बहुधा सामान्य माणसालाच सोसावे लागते.

यासाठी आपण एकच प्रश्न निवडला आहे : एखाद्या कंपनीचा खरा मालक कोण? प्रश्न वरवर सोपा वाटतो. कंपनीच्या दारावर पाटी असते, संचालकांची नावे नोंदलेली असतात, भागधारकांची यादी असते. पण ज्याच्या हाती नफा जातो आणि ज्याच्या शब्दावर निर्णय होतात, तो माणूस या यादीत असेलच असे नाही. आपल्यापैकी कोणी ठेवीदार असेल, कोणी कंपनीला माल देणारा केळी उत्पादक असेल, कोणी कंत्राटदाराकडे नोकरी करीत असेल. पैसे अडकतात तेव्हा प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो : दाद कोणाकडे मागायची?

७.२ विषय-विवेचन

७.२.१ सातबाऱ्यावरचे नाव आणि भागधारकाचे नाव

परिचित वस्तूपासून आरंभ करू. सातबारा उतारा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यातील गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक. त्यात 'मालक' या शब्दाऐवजी 'भोगवटादार' हा शब्द प्रामुख्याने येतो. त्याशिवाय कुळाचे नाव आणि 'इतर अधिकार' यांसाठी स्वतंत्र जागा असते. बँकेचा बोजा, विहिरीतील हिस्सा, वाटेचा हक्क अशा नोंदी तेथे सापडतात. जमीन घेणारा जाणकार शेतकरी भोगवटादाराचे नाव वाचून थांबत नाही. तो इतर अधिकाराचा रकाना आणि फेरफारही तपासतो. जमिनीशी एकाहून अधिक माणसांचे नाते असू शकते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

कंपनीच्या बाबतीत सातबाऱ्यासारखे काम भागधारकांची नोंदवही करते. ज्याचे नाव या नोंदवहीत, तो कंपनीचा सदस्य. परंतु दीर्घकाळ या नोंदवहीला 'इतर अधिकारा'चा रकाना पुरेशा स्वरूपात नव्हता. नाव एकाचे, पैसा दुसऱ्याचा आणि हुकूम तिसऱ्याचा, अशी स्थिती असली तरी कागदावर फक्त पहिलाच दिसे.

याचे मूळ कंपनी या कल्पनेतच आहे. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी अशी स्वतंत्र व्यक्ती असते. इंग्लंडमधील उमरावांच्या सभागृहाने १८९६ साली सॉलोमन खटल्यात हे तत्त्व ठामपणे मान्य केले. कंपनीचे कर्ज हे कंपनीचे. भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागांच्या रकमेपुरती. या तत्त्वामुळे अनोळखी लोकांचे भांडवल एकत्र आणणे शक्य झाले. खानदेशातही जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल यांसारखे उद्योग अशा संघटित भांडवलावर उभे राहिले. मात्र त्याच तत्त्वाने माणसाला कंपनीच्या आड उभे राहण्याची सोयही करून दिली.

मालकी आणि सत्ता यांची फारकत भारतीय उद्योगाला नवी नाही. गिरण्यांच्या काळात 'मॅनेजिंग एजन्सी' पद्धत रूढ होती. भाग अनेकांचे, पण कारभार करारान्वये एका पेढीच्या हाती, अशी ती व्यवस्था होती. ती ३ एप्रिल १९७० पासून कायद्याने बंद झाली. त्या पद्धतीत कारभार करणाऱ्या पेढीचे नाव निदान सर्वांना माहीत असे. आजचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण नियंत्रण ठेवणाऱ्याचे नावच दिसत नाही.

७.२.२ 'बेनामी'पासून 'लाभार्थी मालका'पर्यंत

'बेनामी' हा शब्द मराठीत फारसीतून आला. 'बे' म्हणजे वाचून, विना. शब्दशः अर्थ 'नाव नसलेला'. व्यवहारात मात्र बेनामी मालमत्तेला नाव असतेच. फक्त ते दुसऱ्याचे असते. पैसा एकाने भरायचा, खरेदीखत दुसऱ्याच्या नावे करायचे आणि लाभ पहिल्याने घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. बेनामी व्यवहारांना मनाई करणारा कायदा १९८८ साली झाला. त्याला परिणामकारक यंत्रणा मात्र २०१६ च्या दुरुस्तीने मिळाली आणि ती दुरुस्ती १ नोव्हेंबर २०१६ पासून अमलात आली.

मुंबईच्या कुलाबा भागातील 'आदर्श' सहकारी गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण महाराष्ट्राला चांगले स्मरते. त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती जे. ए. पाटील आयोगाचा अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात मांडण्यात आला. अपात्र सदस्यांबरोबरच काही सदनिकांची खरेदी बेनामी स्वरूपाची असल्याचेही त्यात नमूद होते. सदस्यांची यादी उपलब्ध असूनही त्या नावांमागे पैसा कोणाचा आहे हे शोधण्यासाठी आयोग नेमावा लागला, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आता 'लाभार्थी' हा शब्द पाहू. ग्रामीण महाराष्ट्रात लाभार्थी म्हणजे शासकीय योजनेचा लाभ मिळालेला माणूस : घरकुलाचा लाभार्थी, शिधापत्रिकेचा लाभार्थी. या शब्दाभोवती गरजूपणाची छटा आहे. कंपनी कायद्यातील 'लाभार्थी मालक' मात्र बहुधा याच्या उलट टोकाला असतो. तो घेणारा आहे, पण गरजू म्हणून नव्हे, तर सत्ताधारी म्हणून. शब्द एकच, संदर्भ बदलला की अर्थाची दिशा बदलते. कायद्याचा मजकूर वाचताना रोजच्या वापरातील अर्थ तात्पुरता बाजूला ठेवणे का आवश्यक असते, हे यावरून ध्यानात येईल.

७.२.३ कलम ९० आणि २०१८ चे नियम

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ९० मध्ये २०१७ च्या दुरुस्ती अधिनियमाने मोठा बदल झाला. त्यानुसार 'लक्षणीय लाभार्थी मालक' याविषयीचे नियम जून २०१८ मध्ये करण्यात आले व ८ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांत महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. या नियमांचे सार पुढीलप्रमाणे सांगता येईल.

(अ) कोण? लक्षणीय लाभार्थी मालक हा शेवटी हाडामांसाचा माणूसच असावा लागतो; कंपनी किंवा न्यास नव्हे. त्याच्याकडे अप्रत्यक्षपणे, अथवा प्रत्यक्ष धारणेसह मिळून, पुढीलपैकी एक तरी गोष्ट असावी लागते : किमान १० टक्के भाग, किमान १० टक्के मताधिकार, वाटपयोग्य लाभांशाच्या किमान १० टक्क्यांवर हक्क, किंवा प्रत्यक्ष धारणेखेरीज अन्य मार्गाने कंपनीवर लक्षणीय प्रभाव वा नियंत्रण. केवळ स्वतःच्या नावावर भाग असणाऱ्यास ही व्याख्या लागू होत नाही, कारण त्याचे नाव नोंदवहीत आधीच उघड असते.

(आ) काय करावयाचे? अशा व्यक्तीने ३० दिवसांच्या आत कंपनीकडे 'बेन-१' नमुन्यात घोषणा करावयाची असते. घोषणा मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने 'बेन-२' नमुन्यात कंपनी निबंधकाकडे विवरण दाखल करावयाचे असते. 'बेन-३' ही कंपनीने ठेवावयाची नोंदवही होय.

(इ) कोणी बोललेच नाही तर? येथे कायदा कंपनीवरच शोध घेण्याचे कर्तव्य टाकतो. एखाद्या सदस्यामागे दुसरा कोणी आहे असे मानण्यास कारण असल्यास कंपनीने 'बेन-४' नमुन्यात नोटीस द्यावयाची असते. ३० दिवसांत समाधानकारक माहिती न मिळाल्यास कंपनीने पुढील १५ दिवसांत राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो. न्यायाधिकरण त्या भागांचे हस्तांतर, लाभांश आणि मताधिकार यांवर निर्बंध घालू शकते. नाव दडवले तर लाभही थांबतो, असे या तरतुदीचे तत्त्व आहे.

(ई) शास्ती. घोषणा न करणाऱ्या व्यक्तीस ५०,००० रुपये आणि कसूर चालू राहिल्यास दररोज १,००० रुपये, कमाल २ लाख रुपयांपर्यंत शास्ती आहे. कंपनीस १ लाख रुपये आणि दररोज ५०० रुपये, कमाल ५ लाख रुपयांपर्यंत. जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यावर फसवणुकीच्या कलम ४४७ खाली कारवाई होऊ शकते.

हे नियम केवळ कागदावर राहिलेले नाहीत. मे २०२४ मध्ये कंपनी निबंधकांनी 'लिंक्डइन' या जगप्रसिद्ध कंपनीच्या भारतीय शाखेस याच कलमाखाली दंड केला. तिच्या मूळ कंपनीच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसही दंड ठोठावण्यात आला. निर्णय घेण्याची सत्ता कोठून चालते याचा माग निबंधकांनी भाग-धारणेच्या पलीकडे जाऊन घेतला, हे या आदेशाचे वैशिष्ट्य.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
योग्य पर्यायाने रिकाम्या जागा भरा.
१. कंपनीने कंपनी निबंधकाकडे दाखल करावयाचे विवरण ........ नमुन्यात असते. (बेन-१ / बेन-२ / बेन-४)
२. लक्षणीय लाभार्थी मालक ........ असावा लागतो. (कंपनी / न्यास / नैसर्गिक व्यक्ती)
३. 'बेनामी' हा शब्द मराठीत ........ भाषेतून आला. (फारसी / पोर्तुगीज / कन्नड)

७.२.४ उदाहरणाने स्पष्टीकरण

पुढील उदाहरण कल्पित आहे. रावेर तालुक्यात केळीवर प्रक्रिया करणारी 'क' नावाची एक कंपनी आहे, असे समजा. तिचे ४० टक्के भाग 'ख' या दुसऱ्या कंपनीकडे आहेत. १२ टक्के भाग श्रीमती 'घ' यांच्या स्वतःच्या नावावर आहेत. १५ टक्के भाग एका हिंदू अविभक्त कुटुंबाकडे आहेत. उरलेले भाग अनेक लहान भागधारकांत विभागलेले आहेत.

श्रीमती 'घ' यांची धारणा १० टक्क्यांहून अधिक आहे. पण ती सर्वस्वी प्रत्यक्ष आहे. म्हणून त्यांना घोषणा करावी लागत नाही. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या बाबतीत त्याच्या कर्त्याकडे पाहिले जाते. कर्ता हा लक्षणीय लाभार्थी मालक ठरेल.

आता 'ख' कंपनीकडे वळू. तिचे ६० टक्के भाग 'ग' या गृहस्थांकडे आहेत. 'ख' मध्ये त्यांचा बहुमताचा, म्हणजे निम्म्याहून अधिक हिस्सा आहे आणि 'ख' कडे 'क' चे ४० टक्के भाग आहेत. म्हणून 'ग' हे 'क' चे लक्षणीय लाभार्थी मालक होत. 'क' च्या नोंदवहीत त्यांचे नाव कोठेही नसले तरीही!

समजा, 'ग' यांचा 'ख' मधील हिस्सा ४५ टक्के असता तर? ४० टक्क्यांचे ४५ टक्के म्हणजे १८ टक्के. हिशेबाने हा आकडा १० हून मोठा आहे. परंतु नियम येथे गुणाकार करीत नाही. तो मधल्या कंपनीत बहुमताचा हिस्सा आहे की नाही हे विचारतो. ४५ टक्के म्हणजे बहुमत नव्हे. त्यामुळे केवळ भागांच्या कसोटीवर 'ग' निसटतील. मात्र 'क' कंपनीवर त्यांचे प्रत्यक्षात नियंत्रण असेल, तर चौथ्या कसोटीने ते पुन्हा व्याख्येत येतील. टक्केवारीच्या जोडीला 'प्रभाव' व 'नियंत्रण' हे शब्द कायद्यात का आले, याचे उत्तर या उदाहरणात मिळते. हे शब्द मोजता येत नाहीत, पण पुराव्याने दाखवता येतात.

७.२.५ कायद्याचे वाक्य कसे वाचावे?

अभ्यासासाठी कायद्याच्या धाटणीचे एक नमुना-वाक्य पुढे दिले आहे.

'जी व्यक्ती, एकटीने अथवा अन्य व्यक्तींसह अथवा न्यासामार्फत, कंपनीच्या भागांपैकी दहा टक्क्यांहून कमी नसतील इतके भाग अप्रत्यक्षपणे किंवा प्रत्यक्ष धारणेसह धारण करीत असेल, अथवा प्रत्यक्ष धारणेखेरीज अन्य मार्गाने कंपनीवर लक्षणीय प्रभाव किंवा नियंत्रण ठेवीत असेल, अशी व्यक्ती त्या कंपनीची लक्षणीय लाभार्थी मालक असल्याचे समजले जाईल.'

हे वाक्य एका दमात वाचू नका. पुढील क्रमाने उलगडा.

पहिली पायरी : सांगाडा शोधा. 'जी व्यक्ती ... अशी व्यक्ती ... समजले जाईल' हा वाक्याचा कणा आहे. मधला मजकूर अटींचा आहे.

दुसरी पायरी : 'अथवा' व 'आणि' यांवर खूण करा. 'अथवा' असल्यास एक अट पुरेशी होते. 'आणि' असल्यास सर्व अटी पूर्ण व्हाव्या लागतात. या वाक्यात सर्वत्र 'अथवा' किंवा 'किंवा' आहे. म्हणजे जाळे मुद्दाम रुंद विणलेले आहे.

तिसरी पायरी : नकारार्थी मोजमाप सरळ करा. 'दहा टक्क्यांहून कमी नसतील' म्हणजे दहा किंवा त्याहून अधिक. 'दहा टक्क्यांहून अधिक' असे लिहिले असते तर बरोबर दहा टक्के असणारा सुटला असता.

चौथी पायरी : 'व्यक्ती' शब्दाजवळ थांबा. बोलीत व्यक्ती म्हणजे माणूस. कायद्यात मात्र कंपनीही 'व्यक्ती' असते. येथे 'नैसर्गिक व्यक्ती' असे न लिहिल्यास एक कंपनी दुसऱ्या कंपनीचे नाव पुढे करील, दुसरी तिसरीचे, आणि माणसापर्यंत आपण कधीच पोहोचणार नाही. आमच्या नमुना-वाक्यात ही त्रुटी मुद्दाम ठेवली आहे. ती दुरुस्त करून वाक्य पुन्हा लिहा.

पाचवी पायरी : 'समजले जाईल' हे क्रियापद लक्षात घ्या. संबंधित माणूस स्वतःला मालक मानतो की नाही, हे येथे गौण आहे. अटी पूर्ण झाल्या की कायदा त्याला तसे समजतो.

७.२.६ जळगावच्या ठेवीदाराचा प्रश्न

या चर्चेचा आपल्या परिसराशी काय संबंध, असे कोणी विचारील. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांचे जाळे मोठे होते आणि त्यांतील अनेक संस्था अडचणीत आल्यावर ठेवीदारांची झालेली परवड येथील कुटुंबांनी जवळून पाहिली आहे. निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम, मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे, कापूस-केळीच्या हंगामातील शिल्लक अशा स्वरूपाच्या त्या ठेवी होत्या. जळगाव येथे मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्यीय पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमण्यात आला. पुढे संस्थेच्या मालमत्तांची विक्री कशी झाली व ठेवीदारांच्या पावत्यांचा त्यात कसा वापर झाला, याविषयी गंभीर आरोप झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले. आरोपांचा निर्णय करणे हे न्यायालयाचे काम आहे. आपल्यापुढचा मुद्दा मर्यादित आहे : ठेवीदाराला आपला पैसा कोणाच्या नावामागे गेला, हे कसे कळावे?

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. पतसंस्था ही सहकारी संस्था असते, कंपनी नव्हे; म्हणून कलम ९० तिला लागू होत नाही. तिच्या ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा उपयोगी पडतो : महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९. त्याच्या कलम ४ खाली, ठेवींच्या पैशांतून संस्थेने स्वतःच्या किंवा 'अन्य व्यक्तीच्या नावे' घेतलेली मालमत्ताही शासन जप्त करू शकते. ही तीन-चार शब्दांची भर किती मोलाची आहे पाहा. ती नसती तर नाव बदलताच मालमत्ता कायद्याच्या हातून निसटली असती. आणि जर ते 'अन्य' नाव एखाद्या कंपनीचे असेल, तर त्या कंपनीमागील माणूस शोधताना कलम ९० ची नोंद तपासी अधिकाऱ्याच्या कामी येऊ शकते. असे हे दोन कायदे एकमेकांना पूरक ठरतात.

७.२.७ नियमांच्या मर्यादा

पहिली मर्यादा पाहण्याच्या हक्काची. 'बेन-३' नोंदवही कंपनीचा सदस्य पाहू शकतो. त्यासाठी कंपनी प्रत्येक वेळी जास्तीत जास्त ५० रुपये शुल्क आकारू शकते. ठेवीदार, कामगार किंवा माल पुरवणारा शेतकरी हा सदस्य नसतो. ज्याला माहितीची निकड अधिक, त्याच्यापासूनच ही नोंदवही दूर राहते.

दुसरी मर्यादा सत्यतेची. व्यवस्थेचा आरंभ त्या व्यक्तीच्या स्वतःच्या घोषणेपासून होतो. लपण्याचा निश्चय केलेला माणूस घोषणा करील अशी अपेक्षा भाबडी ठरेल. म्हणूनच कंपनीचे शोधकर्तव्य, बँकांची तपासणी आणि निबंधकांची दक्षता यांची जोड आवश्यक असते. मार्च २०२३ मध्ये मनी लाँडरिंग प्रतिबंधक नियमांत बदल करून बँकांनी कंपनी-खातेदारांचे लाभार्थी मालक ओळखण्याची मर्यादाही २५ वरून १० टक्क्यांवर आणण्यात आली.

तिसरा प्रश्न खासगीपणाचा. ब्रिटनने २०१६ साली अशी नोंदवही सर्वांसाठी खुली केली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मात्र २२ नोव्हेंबर २०२२ रोजी, सरसकट सर्वांना अशी माहिती खुली करणे हे खासगी जीवनाच्या हक्कावरील अतिक्रमण ठरते, असा निर्णय दिला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सातबारा कोणीही पाहू शकतो, मग कंपनीची खरी मालकी का नको, असा युक्तिवाद आपण करू शकता. उलट, प्रत्येकाची आर्थिक माहिती चव्हाट्यावर यावी काय, असेही विचारता येईल. स्वाध्यायात या प्रश्नाचा आपण स्वतः विचार करावयाचा आहे.

७.३ सारांश

नोंदीतील नाव, मिळणारा लाभ आणि चालणारी सत्ता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच माणसाच्या ठायी असतील असे गृहीत धरता येत नाही. बेनामी व्यवहारांना मनाई करणारा कायदा, ठेवीदार संरक्षण अधिनियमातील 'अन्य व्यक्तीच्या नावे' हे शब्द आणि कंपनी अधिनियमातील कलम ९० हे तिन्ही नावामागील माणसापर्यंत पोहोचण्याचे प्रयत्न आहेत. त्यांचे यश शब्दयोजनेच्या अचूकतेवर अवलंबून असते. 'व्यक्ती', 'अथवा', 'कमी नसतील' अशा साध्या शब्दांनी कोण सुटतो व कोण सापडतो हे ठरते. मराठीच्या अभ्यासकाने कायद्याची भाषा वाचावी व इतरांना समजावून द्यावी, ती या कारणासाठी.

७.४ पारिभाषिक शब्द

भागधारक : कंपनीचे भाग ज्याच्या नावे नोंदलेले आहेत तो सदस्य.
लाभार्थी मालक : भाग कोणाच्याही नावे असले तरी त्यांचा लाभ किंवा नियंत्रण ज्याच्याकडे आहे ती व्यक्ती.
बेनामी व्यवहार : मोबदला एकाने देऊन, स्वतःच्या लाभासाठी, दुसऱ्याच्या नावे केलेला मालमत्तेचा व्यवहार.
न्यास : विशिष्ट हेतूसाठी किंवा व्यक्तींसाठी विश्वस्तांकडे सोपवलेली मालमत्ता-व्यवस्था.
कंपनी निबंधक : कंपन्यांची नोंदणी करणारा व त्यांची विवरणे स्वीकारणारा शासकीय अधिकारी.
अवसायक : बंद करावयाच्या संस्थेची मालमत्ता व देणी यांचा निपटारा करण्यासाठी नेमलेला अधिकारी.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. बेन-२  २. नैसर्गिक व्यक्ती  ३. फारसी

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'लाभार्थी' या शब्दाच्या व्यवहारातील व कायद्यातील अर्थच्छटा सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'नोंदीतील नाव म्हणजे मालकी नव्हे' या विधानाची सातबारा व भागधारकांची नोंदवही यांच्या आधारे चर्चा करा.
३. ७.२.५ मधील नमुना-वाक्य, अर्थ न बदलता, तीन किंवा चार छोट्या वाक्यांत लिहा.
४. लाभार्थी मालकांची नोंदवही सर्वांसाठी खुली असावी काय? दोन्ही बाजू मांडून आपले मत द्या.

क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील एखाद्या जमिनीचा सातबारा उतारा मिळवा. त्यातील भोगवटादार, कूळ व इतर अधिकार या नोंदी घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसास वाचून दाखवा व प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांच्या बोलीत समजावून सांगा. ते जे प्रश्न विचारतील ते टिपून ठेवा आणि संपर्क सत्रात चर्चेसाठी आणा.